बरणीतलं उत्तर

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. एप्रिल संपत आलाय, पंखे गरम वारा फेकताहेत, विषय प्रोस्टेटच्या कॅन्सरचा, आणि तरीही सभागृह भरलंय. मला फार बरं वाटलं. पहिल्या चार रांगांत साठी ओलांडलेले पुरुष दिसताहेत आणि जवळपास प्रत्येकाच्या शेजारी त्यांना इथे घेऊन आलेल्या बाई. त्या बायकांचे मी आधी आभार मानते.

पत्रिकेत विषय असा छापलाय: ‘ऑपरेशननंतर कॅन्सर परत येईल का? काढलेल्या गाठीतल्या खुणा काय सांगतात?’ डॉक्टरांच्या बोलण्यात या खुणांना टिश्यू बायोमार्कर म्हणतात. आज आपण खुणाच म्हणू. प्रोस्टेट कुठे असते हे मी सांगत बसत नाही. मूत्राशयाखाली, अक्रोडाएवढी, आणि साठीनंतर अनेकांची झोप मोडणारी. रात्री उठावं लागणं हे बहुतेक वेळा त्या ग्रंथीच्या साध्या वाढीमुळे असतं, कॅन्सरमुळे नाही. हे आत्ताच सांगून टाकते, नाहीतर आज रात्री कुणालाच झोप लागायची नाही.

विषयाकडे येतेच. पण आधी एका बरणीबद्दल बोलू द्या.

माझी ३५ वर्षं पॅथॉलॉजीत गेली. सर्जन जे काढतो ते आमच्या टेबलावर येतं. पेशंट आम्हाला सहसा भेटत नाही, पण त्याचं पुढचं सगळं आमच्या कागदावर ठरतं. तर दिवाळीच्या आदल्या शनिवारी शहरातल्या एका हॉस्पिटलात एका गृहस्थांची पूर्ण प्रोस्टेट काढली. ते एस.टी.त कंट्रोलर होते, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. ऑपरेशन उत्तम झालं. लघवीवर ताबा ठेवणारा स्नायू सांभाळला, शेजारून जाणाऱ्या नसा सांभाळल्या, ग्रंथी मागच्या वीर्यकोशांसकट अखंड बाहेर काढली. सर्जनचे तीन-चार तास त्यात गेले. मग ती ग्रंथी कुणीतरी एका प्लास्टिकच्या बरणीत टाकली. बरणी लोणच्याची, अरुंद तोंडाची. कॅनच्या तळाशी उरलेलं फॉर्मॅलिन त्यात ओतलं. ग्रंथी अर्धीही बुडेना. झाकण लावलं, चिकटपट्टीवर नाव लिहिलं आणि बरणी खिडकीत ठेवून सगळे दिवाळीला घरी गेले. माझ्या टेबलावर ती आली मंगळवारी.

झाकण उघडलं आणि वासानेच कळलं. टाकताना मऊ असलेली ग्रंथी बाहेरून कडक झाली होती, त्यामुळे तोंडातून निघेना. आमच्या टेक्निशियनने बरणी कात्रीने कापली. ग्रंथीचा खालचा भाग टणक, वरचा काळपट आणि लिबलिबीत. मधोमध चिरली तर आत पिकून सडलेल्या फळासारखा लगदा.

तुमच्यापैकी ज्यांनी कैरीचं लोणचं घातलंय त्यांना हे लगेच कळेल. अख्खी कैरी मूठभर मिठात टाकून आपण झाकण लावत नाही. फोडी करतो, मीठ भरपूर घेतो, खालीवर करतो, कारण मीठ आत मुरायला वेळ लागतो आणि मुरेपर्यंत आतली फोड नासू शकते. फॉर्मॅलिनचंही तसंच. ते बाहेरून आत फार हळू शिरतं. ऊतीच्या निदान दहापट फॉर्मॅलिन हवं, तोंड रुंद हवं, आणि काढल्यापासून घड्याळ सुरू झालंय याची जाणीव ठेवणारं एक माणूस हवं. शरीराबाहेर पडलेली पेशी लगेच मरत नाही. तिचीच विकरं तिला आतून विरघळवू लागतात. ते थांबवायचं काम फॉर्मॅलिन करतं. म्हणून आम्ही त्याला फिक्सेटिव्ह म्हणतो. ज्या क्षणी ते पेशीपर्यंत पोचतं, त्या क्षणीचा फोटो कायमचा राहतो.

हा शोध कसा लागला, तेही सांगते. १८९३ साली फ्रँकफर्टमध्ये फर्डिनांड ब्लूम नावाचे डॉक्टर फॉर्मॅल्डिहाइड (त्याचंच पाण्यातलं द्रावण म्हणजे फॉर्मॅलिन) जंतू मारतं का हे तपासत होते. काम करताना त्यांच्या लक्षात आलं की आपल्याच बोटांची कातडी कडक झालीय. दुसऱ्या कुणी हात धुतले असते. त्यांनी विचार केला की जे बोटांना होतंय ते काढलेल्या ऊतीलाही होईल. आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक पॅथॉलॉजी विभागात जो वास येतो तो त्या बोटांपासून सुरू झाला. मला हा माणूस फार आवडतो.

बरणीकडे परत येऊ. नीट आलेल्या प्रोस्टेटचं आम्ही काय करतो? वजन, मापं. मग तिला बाहेरून शाई लावतो, उजवीकडे एक रंग, डावीकडे दुसरा. या शाईला फार महत्त्व आहे. पुढे काचपट्टीवर कॅन्सरच्या पेशी शाईला टेकलेल्या दिसल्या तर समजायचं की सर्जनची कड रोगातून गेली, मागे काही राहिलं असण्याची शक्यता आहे. शाई आणि रोग यांच्यामध्ये थोडी निरोगी ऊती दिसली की आम्ही इथे खुर्चीत बसून सर्जनला मनातल्या मनात शाबासकी देतो. मग तीन-चार मिलिमीटरच्या चकत्या, त्या चकत्यांमधून पाणी काढून मेण भरणं, मेणाचे छोटे ठोकळे. त्यांना आम्ही ब्लॉक म्हणतो. ब्लॉकवरून केसापेक्षा कितीतरी पातळ काप काढून काचेवर घेतो आणि रंगवतो.

त्या कंट्रोलरांच्या ग्रंथीचा पृष्ठभाग बरणीतून सोडवताना फाटला होता. शाई कुठे लावायची? मी रिपोर्टात लिहिलं: टिकलेल्या भागात ग्लीसन ३+४ (ही कॅन्सर किती उग्र आहे त्याची प्रतवारी, पुढे सांगते). मध्यभागाबद्दल सांगता येत नाही. कडेबद्दल सांगता येत नाही. एका माणसाने सगळं पणाला लावून ऑपरेशन करून घेतलंय, त्याच्या कागदावर दोनदा ‘सांगता येत नाही’ लिहिताना माझा हात जड झाला होता, तो मला अजून आठवतो.

पाच वर्षांनी ते मला शोधत आले. एस.टी.ची खाकी फाइल, आत सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेले. पीएसए, म्हणजे प्रोस्टेट बनवते ते रक्तात मोजायचं प्रथिन, ०.२ च्या वर गेलेलं, दुसऱ्यांदा तपासलं तरी तेच. मुंबईच्या डॉक्टरांनी ब्लॉक मागवून जनुकांची चाचणी करायला पाठवला होता. उत्तर आलं, ऊती तपासण्यायोग्य नाही. त्यांनी तो कागद माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, “डॉक्टरबाई, म्हणजे माझं उत्तर त्या बरणीतच राहिलं का?”

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

मला या गोष्टीचा राग येतो आणि तो मी लपवणार नाही. ऑपरेशनला लाखो रुपये जातात, रोबोटची जाहिरात होते, आणि फॉर्मॅलिनचा कॅन रिकामा आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही. खुणांचं सगळं शास्त्र त्या कॅनवर उभं आहे. परिषदांमध्ये जनुकांवर तासन् तास बोलतात. बरणीवर बोलणारा वक्ता मी एकदाही ऐकला नाही. म्हणून आज तुम्हाला धरलंय.

माझी दुसरी तक्रार ब्लॉकांबद्दल आहे. मेणातला ब्लॉक नीट ठेवला तर दशकानुदशकं टिकतो. त्याला फक्त गारवा हवा, कोरडी जागा हवी आणि नंबर हवा. आपल्याकडे काय होतं? हॉस्पिटलात जागा कमी, मग ब्लॉक जातात गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत. मे महिन्यात त्या खोलीत पाऊल ठेवून बघा. हे मेण साठ अंशांच्या आसपास वितळतं. पत्र्याखाली ते मऊ पडतं, एकमेकांना चिकटतं, वरची चिठ्ठी गळून पडते. उंदरांना मेण आवडतं. त्यांना ब्लॉक म्हणजे खाऊ. एके ठिकाणी मी एक अख्खा ड्रॉवर असा पाहिलाय की नंबर सगळे शाबूत आणि मेण कुरतडून संपलेलं. आणि मग दर काही वर्षांनी येते आवराआवर. दहा वर्षं झाली, काढा.

दहा वर्षं हा आकडा कुणी हवेतून काढलेला नाही. अमेरिकन पॅथॉलॉजिस्टांच्या कॉलेजचा दंडकही ब्लॉक किमान दहा वर्षं ठेवा असाच आहे. पण ‘किमान’ या शब्दाचं आपल्याकडे ‘कमाल’ झालंय. प्रोस्टेटचा कॅन्सर सावकाश चालणारा आहे. बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये एकाच सर्जनने ऑपरेशन केलेल्या १९९७ पुरुषांचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या १५ टक्क्यांचं पीएसए पुन्हा वाढलं. वाढलेल्यांपैकी ४५ टक्क्यांचं पहिल्या दोन वर्षांत, ७७ टक्क्यांचं पाच वर्षांच्या आत. म्हणजे उरलेल्यांचं पाच वर्षांनंतर, आणि काहींचं तर दहा वर्षंही उलटून गेल्यावर. त्या माणसांसाठी ब्लॉकची गरज सुरू होते तेव्हा आपण तो कचऱ्यात टाकलेला असतो.

इथे मला खानोलकरांची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. १९४१ साली मुंबईत टाटा मेमोरियल सुरू झालं आणि तिथली पॅथॉलॉजी डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी उभी केली. तोंडाचा कॅन्सर आणि तंबाखू-चुन्याच्या सवयी यांचा संबंध त्यांनी चिकाटीने मांडला. भारतीय पॅथॉलॉजीचे जनक म्हणतात त्यांना. अशा माणसाचा वारसा सांगणाऱ्या राज्यात आपण ब्लॉक उंदरांना घालावेत?

चिठ्ठी आली. बारा मिनिटं उरलीत म्हणे. बरं, आता पत्रिकेतला विषय.

ग्रंथी काढल्यावर रक्तातलं पीएसए जवळपास शून्यावर यायला हवं, कारण ते बनवणारा कारखानाच गेलेला असतो. ते ०.२ नॅनोग्रॅमपर्यंत चढलं आणि पुन्हा तपासूनही तेच आलं तर त्याला रासायनिक पुनरावृत्ती म्हणतात. म्हणजे रोग रक्तात कळतो, अजून दिसत मात्र नाही. हॉपकिन्सच्या त्याच अभ्यासात पीएसए वाढल्यावर लगेच उपचार न घेतलेल्या ३०४ पुरुषांपैकी ३४ टक्क्यांनाच पुढे रोग दूरवर पसरला, आणि पीएसए वाढल्यापासून पसरेपर्यंतचा मध्यक (मीडियन) काळ आठ वर्षं होता. दोन तृतीयांश लोकांना त्या अभ्यासाच्या काळात तो पसरला नाही. म्हणजे ‘परत येईल का’ हा प्रश्न अर्धाच आहे. परत आला तर त्रास देणारा येईल का, हा खरा प्रश्न.

उपचाराचा पेच असा. ऑपरेशननंतर सगळ्यांनाच रेडिएशन द्यावं का? २०२० साली रॅडिकल्स नावाच्या चाचणीचे निकाल आले, १३९६ पुरुष, ब्रिटन, डेन्मार्क, कॅनडा, आयर्लंडमधले. सरसकट लगेच रेडिएशन देण्यापेक्षा पीएसएवर लक्ष ठेवून, वाढलं की वेळेत देणं पुरेसं ठरलं, आणि बऱ्याच जणांचा रेडिएशनचा त्रास वाचला. पण त्या गर्दीत अशी काही माणसं असतातच ज्यांनी थांबू नये. ती ओळखायची कशी? त्यासाठी खुणा.

पहिली खूण सगळ्यात जुनी. मिनिआपोलिसच्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६६ साली २७० रुग्णांच्या काचपट्ट्यांवरून प्रतवारी मांडली. त्यांनी एकेक पेशी बघितली नाही, ग्रंथींची रचना बघितली: नीट गोल आहेत, की एकमेकींत घुसल्यात, की रचनाच मोडलीय. सगळ्यात जास्त दिसणाऱ्या दोन प्रतींची बेरीज म्हणजे ग्लीसन स्कोअर. तुमच्या रिपोर्टात सात लिहिलं असेल तर कृपा करून विचारा, ३+४ की ४+३. शाळेत दोन्ही सारखे. इथे ४+३ जास्त वाईट, कारण त्यात चार हा मोठा वाटा. आणि त्या चारमध्ये चाळणीसारखी, भोकाभोकांची रचना असेल, तिला आम्ही क्रिब्रिफॉर्म म्हणतो, तर जास्त सावध राहायला हवं. ही खूण ओळखायला साधी निळी-गुलाबी काचपट्टी आणि शिकलेला डोळा पुरतो. माझ्या मते आपल्या देशाला आत्ता सर्वात जास्त उपयोगी खूण हीच आहे, आणि ती रिपोर्टात स्वतंत्र लिहिलेली असावी असा आग्रह धरा.

दुसरी, केआय-६७. जर्मनीतल्या कील शहरात १९८३ साली सापडली, ‘केआय’ म्हणजे कील, आणि ६७ म्हणजे ज्या ताटलीत प्रयोग चालला होता तिच्यातला ६७वा खळगा. पेशी विभागणीच्या तयारीत असली की हे प्रथिन तिच्या केंद्रकात दिसतं, रंगवल्यावर तपकिरी. शंभरातल्या किती केंद्रकांना रंग आला ते मोजायचं. प्रोस्टेटमध्ये आकडा सहसा लहान असतो, तो चढला की धोका चढतो. अडचण मोजण्यात आहे. आज मी मोजलं आणि उद्या माझ्या सहकाऱ्याने मोजलं तर आकडा तोच येईल असं नाही.

तिसरी, पी-टेन. दहाव्या गुणसूत्रावरचं जनुक, पेशीच्या वाढीचा ब्रेक. ते हरवलं की परतण्याचा धोका वाढतो, हे एकामागून एक अभ्यासांत दिसलंय. इथे खूण म्हणजे रंग नसणं. शेजारच्या निरोगी ग्रंथी तपकिरी आणि कॅन्सरच्या ग्रंथी फिक्या, तर पी-टेन हरवलं. आता बरणी आठवा. ज्या ऊतीत फॉर्मॅलिन पोचलंच नाही तिथे निरोगी ग्रंथीही फिक्या दिसतात. मग हरवलं काय, पी-टेन की आपली काळजी?

चौथी, ईआरजी. २००५ साली मिशिगनच्या गटाने दाखवलं की प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये दोन जनुकं तुटून एकमेकांना जोडली जातात, त्यातलं एक ईआरजी. गोऱ्या पुरुषांमध्ये सुमारे निम्म्या गाठींत, आशियाई पुरुषांमध्ये त्याहून कमी. मोठा शोध. पण ऑपरेशननंतर रोग परतेल का हे एकट्या ईआरजीवरून कळत नाही, हे मोठ्या अभ्यासांत स्पष्ट झालं. कॅन्सर आहे का हे सांगणारी खूण तो कसा वागेल हेही सांगेलच असं नाही. हे वाक्य मी प्रत्येक नव्या डॉक्टरला ऐकवलंय.

पाचवी, म्हणजे जनुकांच्या जुड्या. प्रोलारिस नावाची चाचणी पेशीविभाजनाची ३१ जनुकं मोजते. डिसायफर २२ खुणा मोजून शून्य ते एकमधला आकडा देते, ०.६० च्या वर धोका जास्त. या चाचण्यांना माझा एकच प्रश्न असतो: पीएसए, ग्लीसन, कड, वीर्यकोश, लसिका गाठी एवढं आमच्या साध्या रिपोर्टातून कळल्यावर तुम्ही नवीन काय सांगता? डिसायफर त्यावर काही भर घालते, हे मान्य करायला हवं. पण ती महाग आहे, आणि ज्या पुरुषांवर घडवली ते बहुतांश गोरे अमेरिकन. आपल्या माणसांच्या ब्लॉकांवर पडताळणी व्हायला हवी. त्यासाठी आधी ब्लॉक हवेत.

आणि हे ऐका, मग मी बसते. डिसायफर घडली मेयो क्लिनिकमधल्या ५४५ पुरुषांच्या ऊतीवर. त्यांची ऑपरेशनं झाली १९८७ ते २००१ या काळात. चाचणीचा शोधनिबंध आला २०१३ साली. १९८७ साली ही चाचणी कुणाच्या स्वप्नातही नव्हती. कुणीतरी ब्लॉकवर नंबर घातला, कपाटात ठेवला, आणि दहा वर्षं झाली तेव्हा फेकला नाही.

अध्यक्ष उभे राहिले, दोन मिनिटं द्या. त्या कंट्रोलरांचं काय झालं, हे सांगायचं राहिलं. त्यांना पीएसएवरूनच रेडिएशन दिलं. पीएसए खाली आलं, आणि ते आजही दर सहा महिन्यांनी तपासून घेतात. मागच्या वर्षी त्यांच्या धाकट्या भावाला तोच रोग निघाला. सख्ख्या भावाला असला की धोका वाढतो, म्हणून तपासायला मीच सांगितलं होतं. भावाच्या ऑपरेशनच्या दिवशी कंट्रोलर थिएटरच्या दाराशी स्वतः उभे. हातात रुंद तोंडाचा डबा, त्यात फॉर्मॅलिन आधीच भरलेलं, डब्यावर नाव आणि वेळ लिहायला मार्कर पेन खिशात. नर्सने विचारलं, हे काय? म्हणाले, आधी किती वाजले ते लिहा.

डबा दुपारी माझ्या जुन्या विभागात पोचला. कड स्वच्छ होती. संध्याकाळी त्यांनी फोन करून ब्लॉकचे नंबर मागून घेतले आणि खाकी फाइलच्या पहिल्या पानावर लिहिले, गाडीचा नंबर लिहावा तसे, मोठ्या अक्षरांत.